दोन बोटांची जागा

नामदेवमामांनी उजवा हात काउंटरवर पालथा ठेवला आणि म्हणाले, "ह्या हाताला बसंल असा रॉड पायजे. जमंल का?"

हाताची दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, मुळापासून नव्हती. अंगठा होता आणि शेवटची दोन होती.

"प्रेसवर गेली?" मी विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. "हं," ते म्हणाले, "तसंच कायतरी."

मी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका मासेमारी सामानाच्या दुकानात काम करते. पुढे गळ, दोरा, रीळ विकायला ठेवलेले असतात आणि मागच्या खोलीत मी रॉड बांधते. माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात होते आणि युनियनचे कार्यकर्ते होते. आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. घड्या घालता घालताच मी वाचायला शिकले. पॉवर प्रेस म्हणजे पत्रा कापणारं, दाबणारं यंत्र. हात आत असताना ते थांबवणारा सेन्सर बिघडला आणि मालकाने यंत्र तसंच चालवलं की ते बोटं घेऊन जातं. बोटं नसलेला हात दिसला की आमच्या घरात त्याचा एकच अर्थ होता.

मागच्या भिंतीवर काय होतं तेही सांगते. मी स्वतः लिहून चिकटवलेलं पत्रक. "जिलेटिन लावून मासे मारणाऱ्यांना या दुकानात दोरासुद्धा मिळणार नाही." विहिरी खोदताना खडक फोडायला जिलेटिनच्या कांड्या वापरतात. उरलेली कांडी कुणी डोहात टाकतं. मोठे मासे वर येतात, पण त्यांच्यासोबत पिल्लं आणि अंडीही मरतात आणि तो डोह पुढे कित्येक पावसाळे रिकामा राहतो. याबद्दलचं माझं मत आजही तेच आहे.

मामा इगतपुरीकडचे. भात आणि टोमॅटो लावणारे, धरणाच्या फुगवट्याला लागून शेत. त्यांना मरळ धरायची होती. मरळ शेवाळात, पाणवनस्पतींत दबा धरून बसते आणि वरून रबरी बेडूक उड्या मारत गेला की झडप घालते. अमेरिकेत बास नावाचा मासा असाच वागतो. बास आपल्याकडे नाही, पण बाससाठी बनवलेले रॉड मरळीला चालतात. अडचण एकच. त्या रॉडच्या मुठीखाली एक आकडा असतो, बंदुकीच्या घोड्यासारखा. त्याला ट्रिगर म्हणतात. तो तर्जनीत अडकवायचा आणि रीळ अंगठ्याने आवरायचं. मामांकडे अंगठा होता. अडकवायला काही नव्हतं.

"डाव्या हाताने?" नानांनी विचारलं. नाना म्हणजे दुकानाचे मालक.

"डाव्यानं मला भाकर मोडता येत नाय सायेब."

"मग जाळं?"

"जाळं ओढायला बोटं लागत्यात. म्हून तर आलोय." मामांनी हात काउंटरवरून मागे घेतला. "लय वर्सं पान्याकडं गेलो नाय. हातात धरायला कायतरी असंल तर जाईन म्हंतो."

मी नानांना बोलूच दिलं नाही. "मी करते," म्हणाले.

गणपतीच्या शाडूचा एक गोळा आणून मामांना घट्ट दाबायला सांगितला. हात मुठीत कुठे भरतो आणि कुठे पोकळी राहते ते त्यात उमटलं. पोकळी जिथे होती तिथे मी फोमची मूठ फुगीर ठेवली, त्या दोन बोटांच्या जागेत नेमकी बसेल अशी. मूळ ट्रिगर कापला आणि मागे, अनामिकेला सापडेल असा नवा बसवला. मुठीचं मागचं टोक लांब ठेवलं, म्हणजे ते कोपराखाली दाबून धरता येईल. मग कड्या. दोरा ज्यातून धावतो त्या कड्या रंगीत धाग्याने काठीवर गुंडाळायच्या आणि वर इपॉक्सी, म्हणजे सुकून कडक होणारा पारदर्शक गोंद, लावायचं. इपॉक्सी मधासारखं ओघळतं, म्हणून ते सुकेपर्यंत काठी हळूहळू फिरवत ठेवावी लागते. माझ्याकडे त्यासाठी जुन्या मायक्रोवेव्हमधली, ताटली फिरवणारी मोटर आहे.

मुठीच्या वर थोडी मोकळी जागा असते. तिथे मालकाचं नाव लिहून त्यावर इपॉक्सी चढवायची आमच्या धंद्यात पद्धत आहे. एकदा चढलं की ते काठीचाच भाग होतं.

मी नाव लिहिलं नाही. पांढऱ्या शाईने लिहिलं : "यंत्राने बोटं घेतली, हात घेता आला नाही."

नानांनी चष्मा वर करून ते वाचलं. "गिऱ्हाइकाला विचारलंस?"

"आवडेल त्यांना."

"पुढारी, आपण गळ विकतो. क्रांती दुसऱ्या दुकानात मिळते."

मी हसले. मला वाटलं, नाना व्यापारी आहेत, त्यांना नाही कळायचं.

दुकानातर्फे आम्ही अधूनमधून धरणावर रविवारी सकाळी रॉडने गळ फेकायचं प्रात्यक्षिक ठेवतो. या वेळी मी जागा मुद्दाम मामांच्या बाजूची निवडली. नाशिकहून आमची गिऱ्हाइकं आली, आजूबाजूच्या गावांतली माणसंही जमली. नानांनी भाव सांगायला एक छोटा स्पीकर आणला होता. तो मी घेतला.

मामा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. सोबत त्यांच्या बायको, हिराबाई. मी मामांना पुढे बोलावलं, नवा रॉड त्यांच्या डाव्या हातात दिला, त्यांचा उजवा हात धरला आणि वर केला. हो, मी तो हात सगळ्यांना दिसेल असा वर केला. मग प्रेसबद्दल बोलले, सेन्सरबद्दल, मालकांच्या नफ्याबद्दल बोलले. रॉडवरची ओळ मोठ्याने वाचली. शहरातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. गावातली माणसं एकमेकांकडे बघत होती.

मागून एक म्हातारा ओरडला, "नाम्या, कंपनीत कवा लागलावता रं तू?"

हशा पिकला.

"आरं, लाव्हरीच्या डोहात कांडी हातातच फुटली तवा झोळीत घालून मीच न्हेलं का न्हाय तुला? आन् आता म्हनं प्रेस!"

हशा वाढला. माझ्या हातात मामांचा हात होता, तो त्यांनी सोडवून घेतला.

"खरं हाय त्याचं," मामा म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते, पण स्पीकर माझ्या हातात चालू होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. "इहिरीच्या कामाला व्हतो. कांडी उरली व्हती. दुकानात तुझी पाटी वाचली आन् त्वांड उघडंना माझं." त्यांनी रॉड माझ्यापुढे धरला. "घे पोरी."

मला तेव्हा काय करता आलं असतं याची यादी मी नंतर पुष्कळदा केली आहे. स्पीकर बंद करता आला असता. हसता आलं असतं. "आधी गळ टाकून बघा" म्हणता आलं असतं.

मी रॉड घेतला आणि म्हणाले, "असल्या हातांसाठी मी रॉड बांधत नाही."

तेही स्पीकरवरून.

हिराबाईंनी पदर सारखा केला आणि नवऱ्याचा दंड धरून त्याला गर्दीतून बाहेर नेलं. इस्त्रीच्या सदऱ्यातली त्यांची पाठ मला अजून दिसते.

परतताना गाडी घोटीच्या पुढे आल्यावर नाना म्हणाले, "भाषण त्याने मागितलं होतं?"

"त्यांनी खोटं सांगितलं, नाना."

"तो 'हं' म्हणाला. बाकीचं सगळं तू सांगितलंस."

रॉड दुकानातल्या स्टँडवर उभा राहिला. एका गिऱ्हाइकाने तो हातात घेऊन पाहिला, तोंड वाकडं केलं आणि परत ठेवला. मग मी घेतला. माझी तर्जनी आणि मधलं बोट कुठे ठेवावं ते कळेना. मूठ तिथे भरलेली होती. माझी बोटं जास्तीची ठरत होती. हा रॉड एकाच माणसाचा होता आणि तो मी त्याच्याकडून काढून घेतला होता.

संध्याकाळी घरी वडिलांना सांगितलं. मला वाटलं, जिलेटिनचं ऐकून ते माझी बाजू घेतील. त्यांनी एवढंच विचारलं, "छापायच्या आधी त्यांना वाचून दाखवलं होतंस?"

हा आमच्या घरातला सगळ्यात जुना नियम. कामगाराची हकीकत पत्रकात घ्यायची तर आधी त्याच्यासमोर बसून त्याला वाचून दाखवायची. तो हो म्हणाला तरच छापायची. कारण पत्रक वाटून आपण घरी जातो आणि त्याला तिथेच राहायचं असतं. हा नियम मी दहा जणांना शिकवला असेल. त्या संध्याकाळी मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी ती ओळ काढायला घेतली. इपॉक्सी गरम हवेने मऊ करून खरवडावं लागतं. उष्णता थोडी जास्त झाली की काठीचं कार्बन फायबर कमकुवत होतं आणि मासा लागल्यावर काठी तिथेच मोडते. हळूहळू केलं. अक्षरं गेली, पण उजेडात धरलं की तिथे अजून एक धुरकट पट्टा दिसतो. तो जात नाही.

रॉड घेऊन मामांच्या घरी गेले तेव्हा हिराबाई ओट्यावर नागली निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"भोंगा आनला का संगं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग बस."

मामा आतून आले आणि दारातच उभे राहिले. मी माफी मागितली. वाटेत पाठ केलेली वाक्यं आठवेनात, म्हणून आठवलं तेवढंच बोलले : मी न विचारता तुमची गोष्ट सांगितली, चुकीची सांगितली, आणि खरी कळल्यावर तुमचा अपमान केला. जिलेटिनबद्दल माझं मत बदललेलं नाही, हेही सांगितलं.

"ते बदलू बी नको," हिराबाई म्हणाल्या. "तुझी ती पाटी हाय ना, तसली एक आमच्या गावात लाव. ह्यांच्या वाटंवरच लाव."

मामांनी रॉड घेतला, उलटासुलटा केला. धुरकट पट्ट्यावरून अंगठा फिरवला.

"हितं काय लिवनार आता?"

"तुम्ही सांगाल ते. आधी कागदावर लिहून वाचून दाखवते."

"नाव लिव. नुसतं नाव."

मी कागदावर लिहिलं आणि वाचलं. त्यांनी मान हलवली. तिथेच ओट्यावर बसून काठीवर लिहिलं आणि वरून लवकर सुकणारं इपॉक्सी लावलं. मोटर नव्हती, म्हणून ते घट्ट होईपर्यंत मी काठी मांडीवर हाताने फिरवत बसले. मामा समोर बसून होते. हिराबाईंनी चहा दिला, तो मी एका हाताने प्यायले.

निघताना मामा अंगणात रॉडने गळ फेकून बघत होते. पहिली फेक शेजारच्या गोठ्याच्या पत्र्यावर गेली, दुसरी सरळ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते पाण्यावर गेले की नाही, मरळ लागली की नाही, मला माहीत नाही. विचारायचा हक्क आहे असंही वाटत नाही.

भिंतीवरचं पत्रक अजून आहे. शेवट बदलला : "मारणाऱ्यांना या दुकानात दोरासुद्धा मिळणार नाही" खोडून "मारणाऱ्यांनी एकदा बोलायला यावं" लिहिलं. अजून कुणी आलेलं नाही. आणि रॉडवर जे लिहायचं ते आता मी गिऱ्हाइकाला आधी वाचून दाखवते. बहुतेकांना नुसतं नावच हवं असतं.