एक जुलैला जन्मलेली माणसे

शासन वृद्धत्वाचा सन्मान करते, आणि वय वाढेल तसा हा सन्मानही वाढत जातो. ऐंशी पूर्ण केलेल्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनीत वाढ देण्याचे ठरले, तेव्हा वर्तमानपत्रात असेच काहीसे छापून आले होते. माझ्या वडिलांनी ते दोनदा वाचले. ते तेव्हाच ऐंशीच्या पुढे होते. फक्त शासनाच्या लेखी नव्हते.

बाबूजी जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त गुरुजी. लहानपणी त्यांना शाळेत घालताना कोणाला जन्मतारीख सांगता आली नाही, म्हणून तिथल्या मास्तरांनी उंची बघून साल ठरवले आणि पुढे एक जुलै लिहून टाकले. या हिशेबात त्यांचे वय दोन-तीन वर्षांनी कमी झाले. तेवढी नोकरी जास्त मिळाली, म्हणून तेव्हा त्यांनी तक्रार केली नव्हती. आता मात्र कागदावर म्हातारे होण्याची वाट बघणे भाग होते.

आई गेल्यापासून ते दवनीवाड्याला एकटेच राहत. वाढ मिळाली की स्वयंपाकाला बाई ठेवायची आणि गावातच राहायचे, हा त्यांचा बेत. नाहीतर गोंदियाला माझ्याकडे यावे लागणार होते. बाईचे पैसे मी देतो म्हटले, तर म्हणाले, "तू पैसे देशीन, तर बाई तुले विचारून भाजी करन."

यथावकाश ते कागदावरही ऐंशीचे झाले. काही महिने गेले, पेन्शन होती तेवढीच आली. म्हणून मी त्यांना घेऊन पंचायत समितीत गेलो. बाकावर आणखी काही निवृत्त गुरुजी बसले होते, तेही त्याच कामासाठी. टेबलामागचा बाबू बाबूजींचा जुना विद्यार्थी निघाला. उठून पाया पडला आणि मग नकार दिला.

"अनुदान कमी आलं, गुरुजी. जे आलं ते जुन्याच पेन्शनले पुरून नाही रायलं. त्यात तुम्ही सगळे एकाच दिवशी ऐंशीचे झाले."

"मग आमी काय ठरवून जन्मलो काय गा?"

"मले काय मायती? माही बी एक जुलैच आहे. तुम्हीच लिवली."

"तुया बापाले इचारलं होतं. तो म्हणे, धानाची रोवणी चालू होती. मंग काय दिवाळी लिवू?"

बाक हसला. बाबूही हसला. परतताना एसटीच्या थांब्यावर बाबूजी बराच वेळ खुशीत होते. कचेरीतून काही मिळाले नव्हते, हे मीच त्यांच्याहून जास्त मनावर घेतले.

त्या हिवाळ्यात ते अंगणात घसरून पडले. सकाळी दूधवाला येईपर्यंत तिथेच पडून होते. चुलीवरचा भात कोळसा झाला होता. मग वाद घालण्यासारखे काही उरले नाही. मी घराला कुलूप लावले आणि त्यांना गोंदियाला आणले.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ते खुर्ची टाकून बसत. शेजारीण जातायेता विचारी, "दादाजी, तबियत कैसी है?" ते शुद्ध पुस्तकी मराठीत उत्तर देत, "प्रकृती उत्तम आहे." यापुढे त्यांचे संभाषण कधी गेले नाही.

मी ऑफिसातून आलो की ते विचारत, "आलं काय अनुदान?" मी म्हणे, "येऊन रायलं." मार्च उलटला. वर प्रस्ताव पाठवला आहे, असे बाबू फोनवर सांगे. एकदा म्हणाले, "कुलपात तेल टाकून ठेवजो. गंजून जाईन." मी हो म्हटले. पुढे पुढे त्यांनी विचारणे सोडले. मी आलो की नुसते बघत, आणि मी काही बोललो नाही की पुन्हा रस्त्याकडे वळत. ते विचारत होते तोवर मला त्याचा कंटाळा येत असे. आता मीच सांगायला काहीतरी शोधत असे.

ते पावसाळ्याच्या अखेरीस गेले, त्याच गॅलरीच्या मागच्या खोलीत. गावाहून दोन ट्रॅक्टर भरून माणसे आली.

तेरवी झाल्यावर मी मृत्यूचा दाखला कचेरीत नेऊन दिला. पेन्शन त्याच महिन्यात बंद झाली. त्यासाठी अनुदान लागत नाही.