वैशालीला दिलेलं पुस्तक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्यासोबत दर रविवारी बसतो त्या मित्रालाही नाही. दोन-तीनदा अगदी तोंडापर्यंत आलं होतं, मग मी पाणी मागितलं, विषय बदलला. विषय बदलण्यात माझा हात धरणारा कुणी नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर बघा, अजून मुद्द्यावर आलेलोच नाही.

गोष्ट एका पुस्तकाची आहे. कम्प्युटरचं पुस्तक, उशीएवढं जाड. पुस्तकाने कुणाचं काय वाकडं होणार, असं वाटेल तुम्हाला. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच सांगत होतो.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी तिसरीत होतो. बाबा लालबागच्या एका मिलमध्ये साच्यावर होते, म्हणजे मागावर. संप सुरू झालेला आठवतो. मिटलेला कुणालाच आठवत नाही. बाबा वर्षभर घरी बसले, मग पडेल ते काम केलं, आणि शेवटी परळला एका ऑफिसच्या इमारतीवर वॉचमन लागले. मी कॉलेज संपवून रिकामा हिंडत होतो तेव्हा त्या इमारतीत काचेआड बसणारी, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं बाबांना रोज दिसायची. त्यांच्यातल्याच एकाने त्यांना सांगितलं की एका परदेशी कंपनीची परीक्षा असते. ती पास झालं की ऑफिसातले कम्प्युटर एकमेकांना जोडायचं, सांभाळायचं काम मिळतं. बाबांनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरं बोलणं उरलं नाही.

पुस्तक घ्यायला आम्ही दोघं फोर्टच्या फूटपाथवर गेलो. बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. विक्रेत्याने दोन पुस्तकं पुढे टाकली: एक जाड, एक त्याच्या निम्मं. बाबांनी दोन्ही हातात तोलली. मग एकेक पान चिमटीत धरून चोळून बघितलं, ताग्यातलं कापड बघावं तसं. बारक्याचा कागद त्यांना पसंत पडला नाही. “हेच्यात जीव नाय,” ते म्हणाले आणि जाडं उचललं. आणि मी? मलाही जाडंच बरं वाटलं होतं.

घरी येऊन त्यांनी त्याला खाकी कव्हर घातलं. सहा महिने मी ते पुस्तक घोकलं, लाल पेनने ओळी मारल्या. दादरला क्लास लावला होता. तिथले सर आठवड्यातून एकदा उगवायचे.

परीक्षा दादरलाच होती, कम्प्युटरवर. निम्मे प्रश्न असे आले की त्यांतले शब्दही मी कधी वाचले नव्हते. त्या परीक्षेत निकाल लगेच स्क्रीनवर येतो, आणि एक कागद छापून हातात देतात. नापास. बाहेर बाकावर एक मुलगा आपल्या पाळीची वाट बघत होता, आणि त्याच्या मांडीवर ते बारकं पुस्तक होतं. मी मागून घेतलं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की अमुक महिन्यापासून परीक्षा बदलली आहे, जुन्या पुस्तकातलं बरंचसं आता विचारत नाहीत. तो महिना केव्हाच उलटून गेला होता.

दादरहून लालबागला मी चालत आलो. वाटभर ठरवत होतो, बाबांना कसं सांगायचं. पुस्तक तुम्ही निवडलंत ते चुकलं — हे कसं सांगतात बापाला?

तुम्हाला आमची चाळ माहीत नाही. तळमजल्यावर मंडळाचा फळा असायचा. कोण वारलं, पाणी कधी येणार नाही आणि कोण पास झालं, सगळं त्यावर. मी आत शिरलो तर फळ्यावर रंगीत खडूने माझं नाव. ‘हार्दिक अभिनंदन.’ निकाल लागायच्या आधी! बाबांनी सकाळीच लिहून घेतलं होतं. पेढेही आणून ठेवले होते. ते जिन्यातच उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “माझो झील पास झालो!”

मी खोटं बोललो नाही. हे नीट ऐका, कारण यावर मी बरीच वर्षं काढली आहेत. तोंडातून एक शब्द काढला नाही. मी फक्त वाकलो आणि बाबांच्या पाया पडलो.

झालं. सर्टिफिकेट कुठे आहे विचारलं की मी सांगायचो, परदेशातून टपालाने येतं, वेळ लागतो. गिरगावात कम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात मला काम मिळालं. मालकाने सर्टिफिकेटचं नावही काढलं नाही. घरी मात्र ती नोकरी सर्टिफिकेटचीच झाली. मग मी गुपचूप ते बारकं पुस्तक विकत घेतलं आणि दुकानातल्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत वाचायचो. घरी कसं वाचणार? पास झालेला माणूस पुन्हा त्याच परीक्षेचा अभ्यास कशाला करेल?

इथपर्यंतचं सगळं एका बापाचं मन राखण्यात खपून जाईल. म्हणूनच मी इथपर्यंत लांबण लावली. आता वैशाली.

वैशाली आमच्यापासून तिसऱ्या खोलीत राहायची. तिचे वडील बाबांच्याच मिलमध्ये होते. संपानंतर गावी गेले आणि तिथेच वारले. आई डबे करायची. वैशाली बी.कॉम. झाली होती आणि नाक्यावरच्या एसटीडी बूथवर बसायची. पोरगी हुशार होती, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. फळ्यावरचं माझं नाव तिने वाचलं होतं, आणि तिच्याही मनाने घेतलं. तिच्या आईने एकच सांगितलं होतं: फी एकदाच भरेन. झालीस तर झालीस, नाहीतर मुलगा बघू.

एका संध्याकाळी ती गॅलरीत येऊन मला म्हणाली, “दादा, कुठलं पुस्तक घेऊ रे? तू सांगशील तेच घेते.”

बाबा स्टुलावर बसले होते. माझ्याआधी तेच बोलले, “ह्याचाच वाच गो चेडवा. शकुनाचा आसा.” आणि आत जाऊन ते खाकी कव्हरचं पुस्तक त्यांनी स्वतः आणून तिच्या हातात दिलं. मी उभा होतो. दुसऱ्या पुस्तकाचं नाव मला पाठ होतं.

त्या संध्याकाळी बाबा समोर होते, कबूल. पण नंतरचे पाच महिने? मी रोज सकाळी तिच्या बूथवरून जायचो. दोन फोनांच्या मधल्या वेळात ती वाचत बसलेली असायची, पेन्सिल कानाला खोचून. बाबा नसायचे, कुणीच नसायचं. एक वाक्य पुरे होतं — वैशाली, ते जुनं आहे, दुसरं घे. पण तिने दुसऱ्याचं पहिलं पान वाचलं असतं तर? तो महिना बघितला असता, माझ्या पेढ्यांचा महिना आठवला असता. हुशार मुलगी, तिला बेरीज-वजाबाकी कुणी शिकवायला नको होती. मी हात हलवायचो आणि पुढे जायचो.

ती कधी थांबवून विचारायची, “दादा, हे मला कळत नाय, हे असंच असतं काय रे?” मी म्हणायचो, “वाच, वाच, सुटेल आपोआप.” आणि दुपारी गिरगावात ड्रॉवर उघडून तोच धडा नव्या पुस्तकात वाचायचो.

अजूनही मी आडूनच बोलतोय. पकडला जाईन ही भीती होती, पण तेवढंच नव्हतं. ती माझ्या आधी पास झाली असती. फळ्यावर तिचं नाव लागलं असतं — खरं. ते मला सहन होणार नव्हतं. मला ती नापास व्हायला हवी होती. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारतोय, आणि ते तितकंच खरं आहे.

ती नापास झाली. आठवड्याने पुस्तक परत करायला आली. नवीन खाकी कव्हर घातलं होतं. आपल्या पेन्सिलच्या सगळ्या खुणा तिने खोडून काढल्या होत्या. माझ्या लाल रेघा तशाच होत्या. “माझंच डोकं चालत नाय रे, दादा,” ती म्हणाली. “तू याच्यातूनच पास झालास ना?”

मी मान हलवली. होय म्हणून.

दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. त्यानंतर चार महिन्यांनी मी पास झालो. सर्टिफिकेट खरोखरच टपालाने आलं. “इला मां शेवटी!” म्हणत बाबांनी फ्रेम करून ते भिंतीवर लावलं. त्यावर तारीख होती, ठळक. पण आमच्या घरी येणाऱ्यांत तारीख बघणारं कोण होतं?

गेल्या वर्षी बाबा गेले. तोवर चाळ पडून तिथे टॉवर उभा राहिला होता, त्यातच आम्हाला घर मिळालं होतं; मंडळाचा तो फळा कुठे गेला कुणास ठाऊक. बाराव्याला वैशाली आली. परळच्या एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसते. केस पांढरे झालेत. लग्नानंतर ती आमच्या घरात पहिल्यांदाच आली होती. बाबांच्या फोटोला फूल वाहिलं, आणि शेजारीच ती फ्रेम होती. तिने चष्मा लावला आणि वाचू लागली. सावकाश, वरपासून खालपर्यंत. खाली तारखेपाशी थांबली. मी मागे उभा होतो.

ती वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. एवढंच म्हणाली, “मग कुठलं पुस्तक होतं रे, दादा?”

बाबा नव्हते. फळा नव्हता. घाबरायला कुणीच उरलं नव्हतं. दुसऱ्या पुस्तकाचं नाव मला तेव्हाही पाठ होतं.

मी म्हणालो, “तेच गं. तुला दिलं होतं ते.”