मंडपवाल्या चाचांचा पाऊस

"ओ भाऊ, जेवणं थांबवा, मुंग्या अंडी घेऊन भिंत चढायला लागल्यात!" माझ्या वास्तुशांतीला आमचे मंडपवाले चाचा गच्चीवरून ओरडत होते. खाली पहिली पंगत बसलेली, आकाश घासलेल्या परातीसारखं लख्ख. तरी चाचांनी एवढी ताडपत्री ताणली, की नाशकातल्या द्वारका चौकात अडकलेली वाहनंसुद्धा सावलीत आली असतील. वाढपी घामात पोहत वाढत होते. भटजींनी मठ्ठ्याचा गार पेला कपाळाला लावून उरलेले मंत्र उरकले. पावसाचा थेंब नाही.

"निघाला होता," चाचा शांतपणे म्हणाले. "इगतपुरीला उतरला."

अख्ख्या नाशकात आकाशाचा एवढा गाढा अभ्यासक दुसरा नाही. चिमण्या धुळीत लोळल्या, की चाचा ताडपत्रीचे दोर सोडवायला बसतात. कावळ्याने घरटं शेंड्यावर बांधलंय की मधल्या फांदीवर, हे बघितल्याशिवाय पावसाळ्यातली ऑर्डर घेत नाहीत. चंद्राला खळं पडलं, की नवरीच्या बापाला रडू येईपर्यंत फोन करतात. आणि ताडपत्रीचं भाडं मागत नाहीत, त्यामुळे कुणाला धड भांडताही येत नाही.

गेल्या मे महिन्यात त्यांच्याच नसरीनचं लग्न निघालं. उघड्या लॉनवर. तिने आधीच बजावलं, "अब्बा, माझ्या डोक्यावर ताडपत्री दिसली तर मी 'कबूल' म्हणणार नाही."

"अगं, पाऊस आला तर?"

"भिजीन."

लग्नाच्या दिवशी ताडपत्र्यांनी भरलेला टेम्पो लॉनमागे तयार, ड्रायव्हरची नजर चाचांवर. वर बघावं तर ढग, खाली बघावं तर मुंग्या, तोंडात अंडी. म्हणून चाचा सगळा वेळ पाहुण्यांच्या ताटांकडे बघत फिरले. विंचूरच्या व्याह्यांना वाटलं, हा माणूस बिर्याणीतले तुकडे मोजतोय. तेवढ्यात वारा सुटला, झालरी फडफडल्या. चाचांचा हात टेम्पोच्या दिशेने वर गेला. स्टेजवरून नसरीनने नुसतं बघितलं. त्याच हाताने चाचांनी टोपी सारखी केली. तिने 'कबूल' म्हटलं. थेंबही पडला नाही.

गाडी विंचूरकडे गेली, लॉन रिकामं झालं. चाचा एकटेच खुर्च्या एकात एक रचत होते. माणसं हाताशी असताना. दूर वीज चमकली. म्हटलं, यांना जरा बोलतं करावं.

"चाचा, काय म्हणतंय आकाश? उद्या येतो का?"

त्यांनी मान वर केली नाही.

"मोबाईलमध्ये बघा," म्हणाले.