कानातून न आलेला आवाज

मुलगी झाली तेव्हा नवरा बोटीवर होता. तिच्यासाठी तो फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, कधी बडबडगीत, कधी नुसतंच ‘काय करतेय माझी बाय?’ रत्नागिरीतल्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या मी फोन तिच्या कानाशी धरायचे.

घरी सोडायच्या आधी कान तपासणारी बाई आली. झोपलेल्या बाळाच्या कानात तिने मऊ टोकाची बारीक नळी बसवली.

“झोपेत कसं कळणार, हिला ऐकू येतंय की नाही?” मी विचारलं.

“तिला काहीच करायचं नाही. आपण हलकासा आवाज आत सोडायचा. कान चांगला असला की आतला शंखासारखा भाग स्वतःचा आवाज उलट बाहेर टाकतो. आपल्याला तो ऐकू येत नाही, मशीनला येतो.”

कान आवाज करतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दोन्ही कान झाल्यावर ती म्हणाली, “आतून आवाज आला नाही. कधी कधी कानात ओल राहिलेली असते. थोड्या दिवसांनी परत या.”

परत गेलो तेव्हाही आतून काही आलं नाही.

“मशीन बिघडलंय त्यांचं,” वाटेत रिक्षात सासूबाई म्हणाल्या. “दार आपटलं की दचकते गो पोर!” घरी आल्यावर त्यांनी पाळण्याच्या मागे उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग तांब्या आणून त्यावर पळी आपटली. मुलगी डोळे उघडे ठेवून पंख्याकडे बघत होती. सासूबाईंनी तांब्या जमिनीवर ठेवला आणि पदर तोंडाला लावून तिथेच बसल्या.

पुढे कोल्हापूरला नेऊन डोक्याला तारा लावून मोठी तपासणी केली. शंका उरली नाही.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. त्याच्या मागे इंजिनाची घरघर चालू होती. तो म्हणाला, “म्हणजे मी पाठवलेलं तिने काहीच ऐकलं नाही?”

“नाही.”

त्यानंतर आवाज यायचे थांबले. व्हिडिओ यायला लागले, त्यात तो नुसता हात हलवायचा.

तो घरी आला तेव्हा मुलगी ओटीवर पाठमोरी बसून वाटी आपटत होती. त्याला सगळं माहीत होतं, तरी पायरीवरून त्याने तिला हाक मारली. पुन्हा एकदा मारली. मग चपला काढून तो वळसा घालून तिच्या समोर जाऊन बसला. अनोळखी माणूस दिसल्यावर ती रडायला लागली, आणि तोही.

गेल्या वर्षी मुंबईत तिच्या कानाचं ऑपरेशन झालं. आता कानामागे मशीन लावलं की तिला ऐकू येतं. मोजके शब्द बोलते, तेही अर्धे आम्हालाच कळतात. आंघोळीला मशीन काढलं की ती एकदम गप्प होते आणि माझ्या ओठांकडे बघत राहते. मी बोलत राहते.