झिजलेला शब्द

मंगळवारी दुपारी शब्दकाकूंच्या नवऱ्याने, काकांनी, त्यांना विमानाने पुण्याला नेले आणि तिथल्या एका वृद्धाश्रमात ठेवले. आठ महिन्यांनी त्या तिथेच वारल्या.

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधली आम्ही बदलीवर आलेली मराठी कुटुंबे त्यांना शब्दकाकू याच नावाने ओळखत होतो. कोणाची बदली झाली की त्याची मराठी पुस्तके काकूंच्या मागच्या खोलीत येत. तेच आमचे वाचनालय. तिथे गेले की एखाद्या शब्दाचे कूळ ऐकल्याशिवाय सुटका नसे. "बस गं दोन मिनिटं, पुस्तक काही पळून जात नाही," त्या म्हणत.

एकदा तिथेच माझी मुलगी मला म्हणाली, "आई, डोन्ट गॅसलाइट मी!" मी एवढेच म्हटले होते, की डबा तूच विसरलीस. काकू हसल्या. "अगं, हा शब्द एका जुन्या इंग्रजी नाटकामुळे आलाय. नवऱ्याच्या कारवायांनी घरातले गॅसचे दिवे मंद होतात. बायकोने विचारलं की तो म्हणतो, कुठे काय, तुलाच भास होतोय." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तेव्हा त्या शब्दात एक बाई वेडी व्हायला आली होती. आता तो डब्यालाही चालतो. ज्याला तो खरंच लागेल, त्याचं कोण ऐकणार?"

पुढे पुस्तके नाहीशी होऊ लागली. "हिला हल्ली काही आठवत नाही," काका हळहळत. नव्याने आलेल्या प्रत्येक कुटुंबाला घ्यायला हावड्याला जाणारा हा माणूस. आम्हाला त्यांचीच दया आली. काकूंनी एक पुस्तक मागितले, तेव्हा मीही म्हटले, "ते मी केव्हाच परत केलंय. तुम्हीच विसरलात."

"मी फळीवरच ठेवलं होतं गं," त्या म्हणाल्या. मग दाराशी येऊन, हळूच, "हे मला गॅसलाइट करतायत."

मला हसू आले. "काकू, तुम्हीसुद्धा? माझ्या लेकीसारखं बोलायला लागलात की!"

त्या हसल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी मला एकही शब्द सांगितला नाही.

त्या गेल्यावर त्यांची कामवाली मीनूदी बाजारात भेटली. "दीदी, किताब तो साहब ही कबाडीवाला को देता था. हम बोला, तो मासीमा के सामने हमको झूठा बना दिया." काकांना ती खोली हवी होती. आता तिथे त्यांचा टीव्ही आहे.

मी हे कोणालाही सांगितलेले नाही. काका दिवाळीला शुभेच्छा पाठवतात. मी त्यांना उत्तर देते.