कोठाराचा अध्याय

भूत, करणी, बाहेरचं... असले विषय मी स्टाफरूममध्येही चालू देत नाही. बीडला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

राज्याचा खजिना, कर, धान्याची कोठारं यांवरच्या एका जुन्या ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती ताडून पाहायचं काम माझ्याकडे आहे. एक पोथी तेलगावच्या गणपतअप्पांच्या घरी, दुसरीची झेरॉक्स माझ्याकडे. मी झेरॉक्समधून मोठ्यानं वाचायचं, आमच्या लायब्ररीतल्या नझीमानं पोथीवर बोट फिरवायचं, फरक दिसला की मला थांबवायचं. अशीच पद्धत असते.

पोथीचं फडकं सोडताना अप्पा म्हणाले, "कोठाराचा अध्याय डोळ्यानं वाचा, बाई. तोंडानं नको."

त्यांच्या पूर्वजांत दोघे भाऊ होते. थोरला वाचून सांगायचा, धाकटा ऐकून ही पोथी लिहायचा. त्या अध्यायात लिहिता लिहिताच धाकटा गेला. "त्याला वाटतंय, सांगनं अजून चालूच हाय."

"मग पगार चालू ठेवा त्याचा," नझीमा म्हणाली. अप्पा हसले नाहीत.

भर दुपारी, ओसरीवर बसून वाचलं. पोथीतलं वाक्य मध्येच तुटलं, खाली कोरा कागद. काय गळलंय ते कळावं म्हणून मी पुढे वाचत राहिले. सहज वर पाहिलं – नझीमाचं बोट कोऱ्या कागदावर चालत होतं. ओळ संपवून पुन्हा डावीकडे यायचं.

"नझीमा, काय करतेस?"

"हळू सांग, दादा."

आवाज तिचाच. पण ती मला मॅडम म्हणते.

मी गप्प झाले. बोट थांबलं, पण उचललं गेलं नाही. अप्पांनी पोथी फडक्यात गुंडाळली तेव्हाच तिचा हात खाली आला. तिला काहीच आठवत नव्हतं.

तेव्हापासून कोणी मोठ्यानं वाचलं की तिचं बोट चालतं. लेकीचा धडा असो, टीव्हीवरच्या बातम्या असोत. मनगट सुजतं. डॉक्टरांना तपासण्यांत काही सापडलं नाही. झेरॉक्समधल्या अध्यायाच्या उरलेल्या दोन ओळी वाचून संपवल्या तर सुटेल का, असं मी अप्पांना विचारलं.

"सुटंल," ते म्हणाले. "दोघातलं कोण, ही का तो, ते न्हाई माहीत."

परवा नझीमाचा फोन आला. "मॅडम, एकदाचं संपवून टाकू. हात लई दुखतो." मी तिला समजावत होते, तर मागून काहीतरी कागदावर घासल्यासारखं ऐकू येत होतं. मी थांबले की थांबायचं.

मी फोन ठेवला. आता तिला फक्त मेसेज करते.