लग्नाआधीचे नाव

माघात संत्र्याला बहर आला, की त्या मंद वासासोबत कारंजा गावच्या आमच्या बगिच्यातली एक दुपार मनात हळूहळू उमलू लागते. काका-काकूंजवळ खाटेवर बसून मी लॅपटॉपवर घराण्याचा वंशवृक्ष मांडत होतो आणि दोन संकेतस्थळांपैकी कोणते घ्यावे, हे ठरत नव्हते. एकावर जुन्या नोंदींचे भांडार होते, पणजोबांच्या वडिलांचा माग तेथेच लागण्याची आशा होती. दुसरे अगदी साधे, पण त्यात प्रत्येक स्त्रीच्या लग्नाआधीच्या नावासाठी वेगळी जागा होती. त्या रिकाम्या जागेकडे पाहत मी सहज काकूला तिचे नाव विचारले. तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती थांबली. पानांतून आलेले ऊन तिच्या हातांवर हलत होते. झोपलेल्या कुणाला जाग येऊ नये, इतक्या हलक्याने तिने ते नाव उच्चारले. “मंग बदललं काऊन?” मी विचारले. काका हसले, “माह्या बहिणीचंबी तेच होतं ना. एका घरात दोघी कशा चालतीन?” “हो, एवढ्या मोठ्या घरात माह्या नावालेच जागा नवती,” काकू म्हणाली आणि माझ्याकडे वळली, “आता तुह्या मशिनीत जागा हाय, त टाक बाबू. माह्या बापाचंबी टाकजो.” मी दुसरे संकेतस्थळ घेतले. आज त्या वृक्षावर तिच्या माहेरची कितीतरी माणसे आहेत. पणजोबांच्या वडिलांचा शोध राहून गेला. मात्र त्या नावापुढे ‘काकू’ लावून तिला एकदा तरी हाक मारावी, हे ती असेपर्यंत मला सुचले नाही.